नाव सांगू नकोस, पुस्तक हातात दे

अगं, रूममधल्या मुलींना तू पुस्तकांची यादी पाठवलीस, त्यांनी अंगठा दाखवला आणि पुढं काहीच घडलं नाही, म्हणून तू खट्टू झालीस. मला मात्र त्यात काही नवल वाटलं नाही. सकाळी सहाची कंपनीची बस पकडायची, दिवसभर लाइनवर उभं राहायचं, परतताना तळेगाव चौकात तासभर अडकायचं आणि खोलीवर आल्यावर कुकर लावायचा. अशा मुलीला तू 'मृत्युंजय'पासून 'कोसला'पर्यंत नावं पाठवणार. बरं, ती पुस्तकं तिनं आणायची कुठून? खराबवाडीतल्या झेरॉक्सच्या दुकानात पोलीस भरतीचे प्रश्नसंच मिळतात, दहावीची गाइडं मिळतात. कादंबरी मागितली तर दुकानदार तुझ्या तोंडाकडं बघत राहील.

माझं ऐकशील तर नुसतं नाव सांगणं बंद कर. पुस्तक हातात दे. आपल्याला आवडलेलं दुसऱ्यानं वाचावं असं खरंच वाटत असेल ना, तर शोधायची, आणायची, पैसे घालायची कटकट आपण अंगावर घ्यायची. समोरच्यानं फक्त पान उलटायचं. सुचवणं फुकट असतं, म्हणून सगळेच सुचवतात. वाचन प्रेरणा दिनाला, म्हणजे १५ ऑक्टोबरला, कित्येक कंपन्यांत फळ्यावर 'वाचाल तर वाचाल' लिहितात, साहेब हातात पुस्तक धरून फोटो काढून घेतात आणि दुपारपर्यंत ते पुस्तक परत कपाटात. कपाटाची किल्ली एचआरमध्ये, आणि एचआर पाचला घरी. सेकंड शिफ्टवाल्यांनी काय करायचं?

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं शहाणपण नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. विनायक रानडे यांनी ते उभं केलं. वाचक ग्रंथालयापर्यंत येत नाही ना, मग पुस्तकंच त्याच्या दाराशी न्यायची. पंचवीस पुस्तकांची एक पेटी, ती सोसायटीतल्या किंवा ओळखीतल्या तीस-पस्तीस जणांच्या गटात एकाच्या घरी ठेवायची. ज्याला हवं त्यानं तिथून न्यावं आणि वाचून परत आणावं. काही महिन्यांनी ती पेटी दुसऱ्या गटाकडं जाते आणि तिकडची इकडं येते. पैसे लोकांच्या देणगीतून उभे राहतात. कुणी वाढदिवसाला देतं, कुणी आईवडिलांच्या आठवणीसाठी. पेट्या तुरुंगात गेल्या, दवाखान्यात गेल्या, थेट दुबईलाही पोचल्या. यात मला सगळ्यात काय पटतं सांगू? निवड पंचवीसवरच थांबते. हजार पुस्तकांच्या कपाटासमोर नवखा माणूस बावरतो. पंचवीसमधून एखादं सहज उचलतो.

तुमच्या खोलीत चौघींच्या बॅगा, गॅस, बादल्या ठेवून पेटीला जागा उरणार नाही, हे मला ठाऊक आहे. दहा पुस्तकं मावतील असा पुठ्ठ्याचा खोका पुरे. (कंपनीतून आणू नकोस मात्र. गेटपासाशिवाय रिकामा खोकाही बाहेर काढता येत नाही आणि सिक्युरिटीवाले काका ओळख ठेवत नाहीत.)

आता त्यात काय ठेवायचं. पहिलं पुस्तक बारीक हवं, एवढं लक्षात ठेव. व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' ठेव. १९५५ चं पुस्तक, पण कुठंही जुनाट वाटत नाही. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, लोक आधी दाद देत नाहीत, मग हळूहळू त्याला आपला म्हणतात आणि शेवटी दुष्काळ पडल्यावर वाडीच उठून जाते. गोष्ट एवढीच. आमच्या हार्नेस सेक्शनमध्ये आटपाडीकडची एक मुलगी होती, तिला मी ते दिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती डबा उजव्या हातानं खायची आणि डाव्या हाताच्या कोपरानं पुस्तक दाबून धरायची. काही पानांवर शेंगदाण्याच्या चटणीचे डाग पडले. मध्येच थांबून शेजारणीला म्हणाली, "ह्यो कारभारी आमच्या आज्ज्यावानीच बोलतोय गं," आणि तो परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला. शेजारीण बीडची, तिला धनगरवाडा माहीत नव्हता, पण दुष्काळ चांगलाच माहीत होता. पुढच्या आठवड्यात पुस्तक तिच्याकडं गेलं. मी मध्ये कुठंच नव्हते.

म्हणून चटणीच्या डागाला हरकत घ्यायची नाही. ज्याचं पान दुमडलेलंही चालत नाही ते पुस्तक खोक्यात ठेवूच नये. आजोबांनी दिलेली प्रत, लेखकाची सही असलेली, पुन्हा न मिळणारी, ती ट्रंकेत राहू दे. खोक्यातलं पुस्तक गेलं तर गेलं असं धरूनच ठेवायचं. परत मागायला लागलीस की लोक पुस्तकाबरोबर तुलाही टाळतात.

आता जरा नाजूक बोलते, रागावू नकोस. माणसाचं आडनाव बघून पुस्तक देऊ नकोस. तू निलंग्याची, म्हणून तुला वाटेल की लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' आपल्या लातूरकडच्या मुलांना द्यावं. पुस्तक मोठंच आहे, १९८८ ला साहित्य अकादमी मिळालेलं, आणि लेखक स्वतः सूतगिरणीत राबलेला. पण एखाद्या पोराच्या हातात ते ठेवून तू म्हणालीस की 'हे तुमच्यासारख्यांवर आहे', तर त्यानं काय समजायचं? एका ट्रेनीला त्याच्या सुपरवायझरनं मोठ्या प्रेमानं दया पवारांचं 'बलुतं' असंच दिलेलं मी पाहिलंय. पोरगा 'थँक्यू सर' म्हणाला. नंतर लॉकरपाशी माझ्याशी बोलला, "मॅडम, हे मला कशाला? माझ्या घरी कुणालाही विचारा, सगळं तोंडपाठ आहे. सरांनीच वाचावं." बरोबरच होतं त्याचं. 'बलुतं' १९७८ ला आलं तेव्हाही ज्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यांनाच ते खरं हलवून गेलं. तेव्हा ही पुस्तकं खोक्यात जरूर ठेव, कुणाच्या नावानं देऊ मात्र नकोस. ज्याला उचलायचं त्यानं उचलावं. तुझ्याच्यानं राहवलंच नाही तर घरात सगळं आयतं मिळालेल्या एखादीच्या हातात ठेव.

कामगार म्हटला की नारायण सुर्वे, हेही तसलंच. 'माझे विद्यापीठ' मला जीव की प्राण आहे. पण ते एचआरच्या साहेबांना द्यावं असं मला नेहमी वाटतं.

वेळ बघावी लागते, हे तर आहेच. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'एवढं शेतकऱ्याच्या घरातलं आतलं दुखणं दाखवणारं पुस्तक गेल्या पंचवीस वर्षांत मी वाचलेलं नाही. शिकलेला, नोकरी न मिळालेला मुलगा, कोरडवाहू शेती, घरातल्या घरात होणारी भांडणं. तुमच्या खोलीतली बुलढाण्याची मुलगी ते वाचताना पानोपानी मान हलवील. पण घरून सोयाबीनच्या भावाचा फोन आलाय, भावाच्या फीचे पैसे पाठवायचेत, अशा आठवड्यात देऊ नकोस. तेव्हा पु.लं.चं 'व्यक्ती आणि वल्ली' दे. हसू आलं तर आलं.

मुलगे विचारतील, आम्हाला काय? डिप्लोमावाले, बीईवाले, ट्रेनी म्हणून आलेले सगळे 'रिच डॅड पुअर डॅड'चं मराठी भाषांतर वाचत असतात, नाहीतर कलामांचं 'अग्निपंख'. त्यावर नाक मुरडू नकोस हं. ज्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे त्याला श्रीमंत कसं व्हायचं हे वाचावंसं वाटणारच. त्याच्या हातातलं काढून घ्यायचं नाही, त्याच्या शेजारी प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंग ढांग' ठेवून द्यायचं. मुंबईतली नोकरी सोडून एक तरुण इंजिनिअर हिमालयात रस्ता बांधायला जातो. वरचा अधिकारी नियमावर बोट ठेवतो, याला डोंगर दिसत असतो. क्वालिटीत काम करणाऱ्या कुणालाही हे भांडण सांगावं लागत नाही. महिनाअखेर असते, डिस्पॅच अडलेला असतो, पार्ट किंचित बाहेर असतो आणि साहेब म्हणतात, 'जाऊ दे, चालतंय.' आमच्याकडं ते पुस्तक टूलरूममध्ये गेलं ते परत आलंच नाही. हातोहात फिरतंय म्हणे.

सिनेमाचाही उपयोग करून घे. २०२५ ला 'छावा' आला तेव्हा जन्मात कादंबरी न धरलेली पोरं 'ताई, पुस्तक आहे का?' म्हणून विचारत होती. शिवाजी सावंतांची कादंबरी जाडजूड, तरी वाचली त्यांनी. तुळापूर इथून जवळ, सुट्टीच्या दिवशी बाइक काढून जाऊन आली. भूक लागलेली असताना ताट पुढं करायचं, एवढीच अक्कल यात लागते.

आणि तुमच्या घरमालकीणबाई. तू लिहिलंस की 'त्यांना वाचनाची आवड लावायची आहे.' बाई गं! त्यांच्या घरात गाथा आहे, ज्ञानेश्वरीचं पारायण दर वर्षी होतं, आळंदी आणि देहू दोन्ही त्यांच्या पायाखालचं. सातशे वर्षांपूर्वीची ओवी अडखळल्याशिवाय म्हणणाऱ्या बाईला आपण काय आवड लावणार? उलट एखाद्या संध्याकाळी तूच जाऊन बस आणि 'काकू, याचा अर्थ सांगा' म्हण. मग त्यांनी विचारलं की तू काय वाचतेस, तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' ने. सोवळ्यापायी बाजारातून आलेली वस्तू न् वस्तू धुऊन घेणारे वडील, कुठं निघालो ते न सांगता घरातून निघून जाणारा कवी नवरा, त्याचं ख्रिस्ती होणं, त्यापायी झालेली ताटातूट, आणि हे सगळं सांगणारी बाई स्वतःवरच हसतेय. हे पुस्तक मनातल्या मनात वाचू नये. खोलीतसुद्धा एकीनं वाचावं, दुसरीनं भाकरी थापावी, तिसरीनं भांडी घासावीत. मोठ्यानं वाचलं की त्यातली बोली जिवंत होते आणि ज्या मुलीला वाचायचा कंटाळा आहे तिचीही सोय होते. उर्मिला पवारांचं 'आयदान'ही असंच ऐकण्याजोगं, पण ते थोडं पुढं, चौघींची एकमेकींशी नीट ओळख झाल्यावर. त्यातला मोकळेपणा पहिल्याच रात्री पेलायचा नाही.

काकूंच्या मुलाला मात्र गो. नी. दांडेकरांचं 'पवनाकाठचा धोंडी' दे. गोनीदा राहायचे तळेगाव दाभाड्यात, इथून कितीसं ते! पवन मावळातल्या माणसांची गोष्ट आहे, आणि त्याच पवनेचं पाणी आज पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं. ज्यांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या, ज्यांनी त्या पैशातून खोल्या बांधल्या आणि आता तुमच्याकडून भाडं घेतात, त्यांच्याबद्दल आपण बाहेरून आलेले लोक काहीबाही बोलत असतो. ते पुस्तक आपणही वाचावं.

कँटीनमधली निम्मी टेबलं हिंदी बोलतात, तेही विसरू नकोस. बिहारचे, यूपीचे, ओडिशाचे. आपल्या 'उचल्या'चं हिंदी भाषांतर 'उठाईगीर' या नावानं आहे, लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'चं 'पराया'. आणि नुसतं आपलंच पुढं करू नकोस. त्यांनाही विचार, तुमच्याकडचं काय वाचू? मला वेल्डिंगवरच्या एका गोरखपूरच्या मुलानं 'राग दरबारी' दिलं. गावच्या राजकारणावर इतकं तिरकस लिहिलेलं मी दुसरं वाचलं नाही, आणि हा मुलगा दोन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर जेवत होता, मला पत्ताच नव्हता.

पीडीएफचं म्हणशील तर मला तो प्रकार आवडत नाही, स्पष्टच सांगते. टेलिग्रामवर एका दाबात दोनशे पुस्तकं येतात आणि त्यातलं एकही वाचून होत नाही. शिवाय मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षं लागतात. त्यातही आपण चोरून वाचायचं म्हणजे लिहिणाऱ्यानं खायचं काय? शॉपफ्लोअरवर मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळं दहा मिनिटांच्या चहाच्या सुट्टीत कागदाचं पुस्तकच कामाला येतं. ॲप्रनच्या खिशात 'बनगरवाडी' बरोब्बर बसतं.

आता पैशाचं. सगळी नवी घ्यायची गरज नाही. आपल्याकडं बऱ्याच कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, त्याचा एक तोटा म्हणजे पुण्यातले पुस्तकांचे कार्यक्रम नेमके रविवारी, आपण तेव्हा लाइनवर. पण फायदाही आहे. गुरुवारी अप्पा बळवंत चौकात गर्दी कमी असते आणि दुकानदाराला बोलायला वेळ असतो. पिंपरीहून मेट्रोत बसायचं आणि कसबा पेठेला किंवा मंडईला उतरून चालत जायचं. २०२४ च्या सप्टेंबरात स्वारगेटपर्यंतचा मार्ग सुरू झाल्यापासून हे फार सोपं झालंय; पूर्वी बसनं जाऊन यायचं म्हणजे सुट्टीच संपायची. जुनी पुस्तकं मागून बघ, वापरलेली प्रत खोक्याला जास्त बरी. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, तिथं सवलतही मिळते. पिंपरी-चिंचवड महापालिकेची वाचनालयंही शहरात ठिकठिकाणी आहेत. तिथं नाव घालून ठेव, वर्तमानपत्रं वाचत बसलेल्या आजोबांच्या पलीकडं कपाटं असतात आणि त्यात चांगली पुस्तकं निघतात.

लोक वाचत नाहीत असं कुणी म्हणालं की मला २०१६ चा जानेवारी आठवतो. पिंपरीत एचएच्या मैदानावर ८९ वं साहित्य संमेलन भरलं होतं, श्रीपाल सबनीस अध्यक्ष. भाषणांवरून आणि वादांवरून वर्तमानपत्रं भरली होती, ते जाऊ दे. मी पुस्तकांच्या गाळ्यांमध्ये फिरत होते. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या शर्टावरच माणसं आली होती, छातीवर नाव, पायात सेफ्टी शूज. गाळ्यासमोर उभी राहायची, पुस्तक उचलायची, किंमत बघून ठेवायची आणि मग गाळेवाल्याला हळूच विचारायची, "काहीतरी चांगलं द्या की." कोणतं चांगलं हे त्यांना सांगायला घरात, शाळेत, कंपनीत कुणी नव्हतं. जो गाळेवाला 'तुम्हाला कसलं आवडतं?' असा उलटा प्रश्न करायचा, त्याच्यासमोरून ती निघून जायची. जो एक प्रत काढून 'हे न्या, नाही आवडलं तर उद्या परत आणा' म्हणायचा, त्याच्याकडं पाकीट उघडायचं.

एक पथ्य तेवढं पाळ. दिल्यावर विचारायचं नाही. 'वाचलंस का? कुठपर्यंत आलीस? शेवट कसा वाटला?' हे तोंडी परीक्षेसारखं होतं. मग ती मुलगी तुला बघितलं की जिना बदलते. एखादीनं दहा पानं वाचून ठेवून दिलं तर ठेवू दे. तुला ते पुस्तक आवडतं म्हणून तिनं ते आवडून घ्यायला हवं असं थोडंच आहे? तिला नाही आवडलं, तर तुझ्या पुस्तकाचं काही बिघडत नाही, तिचंही नाही. खोक्यात दुसरं काहीतरी दिसू दे, म्हणजे झालं. बोलायचं असेल तेव्हा ती स्वतःहून बोलेल, बहुतेक बसमध्ये, आणि बहुतेक तू झोपायला डोळे मिटलेस की नेमकं तेव्हाच.

तर या गुरुवारी पिंपरी स्टेशनाबाहेर दहाला भेट. कापडी पिशवी आण, प्लास्टिकची नको, बंद तुटतात. मला 'रारंग ढांग'ची दुसरी प्रत घ्यायची आहे, तू 'बनगरवाडी' दोन घे, एक लवकरच जाणार आहे तुझी. आणि हो, त्या बुलढाण्याच्या मुलीलाही विचार येते का. तिला काय वाचायचंय ते विचारू नकोस, नुसतं 'चल' म्हण. येताना मंडईत उसाचा रस पिऊ.